काटा मधेच होता

"पुलावरच्या त्या ह्याच का?"

काकूंच्या माहेरच्या कोणी बाई होत्या. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, पण काकांकडच्या गणपतीची आरती नुकतीच संपली होती, आणि झांजा थांबल्यावर खोली इतकी गप्प होते की कुजबुजही भिंतीपर्यंत जाते. काकूंनी नुसती मान हलवली. बाईंनी वळून माझ्या आईकडे पाहिलं. आई खिरापत वाटत होती. त्यांच्यापाशी आल्यावर तिने त्यांच्याही तळहातावर चमचाभर खिरापत ठेवली, "घ्या" म्हणाली आणि पुढे गेली. तिने ऐकलं होतं. असं काही ऐकलं की ती चमचा डब्यात जरा जोरात खुपसते.

मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. माणसं जमली की माझी जागा तीच.

आईला सासरी हे नाव पडून बरीच वर्षं झाली. बनारसमधली आमची मराठी घरं मोजकीच आहेत आणि सगळी एकमेकांना धरून आहेत. दूधविनायकाच्या गल्लीत कोणाची मुंज कुठल्या साली झाली आणि तिथे कोण रुसलं, हे आजही सांगणारी माणसं भेटतात. अशा ठिकाणी एखाद्या सुनेने सासऱ्यांची गाडी पुलावर मारली, ही गोष्ट विरत नाही. नवी सून आली, नवा जावई आला, की त्यांना ती सांगून ठेवतात.

गाडी आजोबांची होती. आजोबा डोळ्यांचे डॉक्टर. एका जमीनदाराचा मोतीबिंदू त्यांनी काढला आणि त्या माणसाने खूश होऊन आपल्या गराजमधली एक गाडी त्यांना देऊन टाकली. ब्रिटिश बनावटीची, उघड्या टपाची, दोन माणसांची, गडद हिरवी. बसलं की माणूस रस्त्याला टेकल्यासारखा वाटे, आणि शेजारून गाय गेली तर तिचं पोट डोळ्यांसमोर येई. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, तिथे गाडी कुठली यायला. ती आधी दवाखान्याच्या आवारात असे. काकांनी कॉलनीत बंगला बांधल्यावर तिथे शेडमध्ये गेली. काका बाबांहून धाकटे, पण ठेकेदारीत त्यांचं बस्तान बसलं आणि घरातली सगळी मोठी कार्यं त्यांच्याकडेच होऊ लागली. बाबा विद्यापीठात शिकवत. घरात ते थोरले होते ते फक्त नमस्कारापुरते.

आईला गाडी येत होती. माहेरी ती तिच्या वडिलांची जीप चालवत असे. आमच्या घरात गाडी चालवणारी ती पहिली बाई, आणि हे कोणालाच फारसं आवडलेलं नव्हतं.

मी लहान असताना, मे महिन्यात एकदा, ती मला घेऊन रामनगरला निघाली. तिच्या माहेरचे कोणी तिथे उतरले होते आणि त्यांना भेटायचं होतं. निघताना तिने मला एक काम दिलं. समोरच्या लाकडी फळीवर गोल काचेत एक काटा होता, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. "तू त्याच्याकडे बघत राहा. मधे असला तर ठीक. उजवीकडे सरकायला लागला की मला ओरडून सांग." मला इतका मान याआधी कोणी दिला नव्हता. मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. गंगेवरच्या पुलावर चढेपर्यंत काटा मधे होता. पुलाच्या मध्यावर गाडीच्या पोटातून काहीतरी लोखंड लोखंडात रुतल्यासारखा आवाज आला, मागची चाकं घासत गेली, आणि आम्ही थांबलो. तेव्हाही काटा मधेच होता. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच धरून ठेवले होते.

संध्याकाळी काकांच्या अंगणात गाडी दोरीने ओढून आणली. काकांनी बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "काट्याकडे बघायचं असतं, वहिनी. काटा काय शोभेला बसवलेला असतो?"

मी म्हणाले, "काटा मधेच होता."

"वा! शिकवून आणलंय," काका म्हणाले. "खोटं बोलायचं तर निदान लाजायला तरी शिकवा तिला."

सगळे हसले. बाबाही थोडे हसले. हसण्यावारी गेलं तर बरं, असं त्यांना नेहमीच वाटत आलंय. नंतर शाळेत मला चांगलं इंग्रजी शिकवलं, तिथल्या बाईंनी वादविवादात पाठवायचा प्रयत्नही केला. स्टेजवर उभी राहिले की मला ते अंगण दिसे, आणि मी सॉरी म्हणून खाली येई.

आईने त्यानंतर कुठलीच गाडी चालवली नाही.

तर त्या गणपतीत, खिरापत वाटून झाल्यावर, काका पानाचा तोबरा एका गालात धरून सांगत होते की ती गाडी ते एका हॉटेलवाल्याला देणार आहेत. तो ती हॉटेलच्या दाराशी उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार. इंजिन तर काय, वहिनींच्या कृपेने कधीच संपलंय.

"मी बघू का एकदा?" मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

"तू?" काकांना खरंच मजा वाटली. "अगं, तू फोन वाजला तर दुसऱ्या खोलीत पळतेस. तू इंजिन बघणार?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "घेऊन जा. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला इथे, ह्या अंगणात, चालवत आण. नाही आणलीस तर त्यात जास्वंद लागणार."

मी घरून काम करते. एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि त्या लिहून पाठवते, बोलावं लागत नाही. कामाची सवय कामी आली. त्या गाडीची जुनी दुरुस्तीची पुस्तकं इंग्रजीत मिळतात, आणि जगभर अशा गाड्यांच्या मागे लागलेले लोक आपसात जे लिहीत असतात तेही. मी वाचत गेले. गाडी मात्र कोणाकडे तरी न्यावीच लागणार होती. बनारसमधल्या दोन गराजवाल्यांनी तिच्याकडे बघून नुसता चहा मागवला. तिसरा रामनगरचा होता.

रामनगरचा मिस्त्री टेम्पो, व्हॅन, जनरेटर, सगळं उघडत असे. मोठ्या आवाजाचा माणूस, समोरच्याचं वाक्य कधी पुरं न होऊ देणारा. ट्रॉलीवरून गाडी उतरली तशी तो म्हणाला, "ई का ले आई हो बिटिया? खेलौना?" मग तिच्या भोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बियाह में मिला रहे का?" शेजारचा पंक्चरवाला मोठ्याने हसला. मी मान खाली घालून चाव्यांचा जुडगा चाचपत राहिले. पण त्याने शेड रिकामी करून दिली. दुसरं कोणी देत नव्हतं.

जुनं इंजिन त्याने माझ्यासमोर खोललं. ओतीव लोखंडाचं, चार सिलेंडरचं, एका माणसाला न हलणारं. अशा इंजिनाला आतून पाण्याच्या वाटा असतात. पंप पुढच्या बाजूला असतो आणि पाणी तिथून मागे फिरून सगळं थंड ठेवतं. बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या गोल बुचांनी त्या वाटा बंद केलेल्या असतात. त्याने मागचं बूच ठोकून काढलं. पाणी आलं नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो आत जाईना. मग छिन्नी लावली आणि राखाडी, घट्ट मातीची ढेकळं बाहेर पडायला लागली.

"अरे मैडम," तो ओरडला, "ई त पूरा घाट निकल आयल!"

त्याने पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं. दोघांनी खूप विनोद केले. आत कासव निघेल, घाटावर पूजा सांगणारा पंडा बसलेला निघेल. मी एक ढेकूळ उचललं. ते बोटांत चुरलं आणि त्यात चमचमणारी बारीक रेती होती. ती रेती आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहे. घाटावरून आलं की चपलेत असते, वाळत घातलेल्या पंच्यात असते.

मला कळलं. आजोबांचा एक नेम होता. गंगेकाठी राहून गाडीला नळाचं पाणी पाजायचं नाही. इंजिनाचं पाणी उडून जाई तेव्हा अमृतराव घाटावरून पितळेची कळशी भरून यायची आणि रेडिएटरमध्ये रिकामी व्हायची. बाबा आणि काका लहानपणी आळीपाळीने ती कळशी आणत. आजोबा गेल्यावर काकांनी नेम चालू ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं मोठं कौतुक सांगत. पावसाळ्यातलं गढूळ पाणीसुद्धा तसंच ओतलं जाई. पाण्याची वाफ होऊन जाते, गाळ राहतो, आणि तो पंपापासून सगळ्यात लांब, मागच्या सिलेंडरपाशी जाऊन बसतो. मागच्या सिलेंडरच्या भिंतीला उभा तडा होता. आत पिस्टन रुतून बसलेला होता.

आणि काट्याची तार कुठून निघते ते पुस्तकातल्या चित्रात होतं. इंजिनाच्या पुढच्या टोकापासून. पुढे पाणी फिरत होतं. पुढचं टोक शेवटपर्यंत नीट होतं. मागे इंजिन भाजून निघालं तरी काटा मधेच राहणार होता.

मी दुसरं एक ढेकूळ रुमालात बांधून घेतलं.

ढेकूळ घरी नेलं आणि आधी बाबांना दाखवलं. त्यांनी ते चिमटीत घेऊन चुरलं. ते काय आहे हे मला सांगावं लागलं नाही. बोटं पुसून ते म्हणाले, "आता कशाला. इतकी वर्षं झाली." आणि पेपर उचलला. मला त्या पेपराचा राग आला, मग बाबांचा. मी आत जाऊन आईला सगळं सांगितलं. गाळ, मागचं सिलेंडर, काट्याची तार. ती पोळ्या लाटत होती. तिने ऐकून घेतलं, पोळी तव्यावर टाकली.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "मी तर तिथे होते."

तिच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर होता, हे मला झोंबलं. पण तिचं बरोबर होतं, सांगायचं होतं ते काकांना.

जुनं इंजिन गेलेलंच होतं. तसं दुसरं इथे मिळत नाही, आणि मागवण्याची माझी ऐपत नव्हती. आजच्या एखाद्या गाडीचं चार सिलेंडरचं इंजिन घालायचं, हे मी ठरवलं. मिस्त्रीला मी म्हणाले की इंजिन लांबीने बसणारं हवं. ह्या गाडीत ते पुढून मागे असं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. आजच्या छोट्या गाड्यांत ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. मी हे हळू आवाजात सांगितलं. तो फोनवर बोलत होता. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो "हो जाई, हो जाई" म्हणाला. मग भंगारबाजारातून त्याने एका छोट्या गाडीचं चकचकीत इंजिन आणलं, आडवं. ते बसणार नाही हे बऱ्याच दिवसांच्या ओढाताणीनंतर, तिसऱ्यांदा टांगून पाहिल्यावर त्याला पटलं. "बोलीं काहे ना?" असं तो माझ्यावरच ओरडला. मी बोलले होते. पण मोठ्याने बोलले नव्हते, आणि त्याच्या दुकानात ते न बोलल्यात जमा होतं.

शेवटी शाळेच्या मुलांना कोंबून नेणाऱ्या व्हॅनचं इंजिन मिळालं. पुढच्या सीटखाली बसतं ते, लांबीने, आणि मागची चाकं फिरवतं. ॲल्युमिनियमचं, हलकं. मिस्त्री आणि पंक्चरवाल्याने ते हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. गिअरबॉक्स त्याचाच. बातमी कॉलनीत पोचायला वेळ लागला नाही. काकांचा मला फोन आला, मी उचलला नाही, तर त्यांनी बाबांना केला आणि स्पीकरवर ठेवायला सांगितलं.

"आजोबांच्या गाडीत शाळेच्या रिक्षाचं इंजिन बसवतेय तुझी लेक! अरे, इंजिन बदली केलं म्हणजे गाडीत राहिलं काय? पत्रा?"

"तिला करू दे," बाबा म्हणाले. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

"जुनं इंजिन मला परत पाहिजे. भंगारात जाता कामा नये. वडिलांचं आहे ते."

मी ते पाठवून दिलं. त्यांनी ते अंगणात तुळशीजवळ चौथऱ्यावर बसवलं आणि काकू त्याला रोज फूल वाहू लागल्या. मागच्या भोकात उरलेला गाळ तसाच होता. त्यात चांगली माती आहे म्हणून काकूंनी ओवा लावला, तो उगवलाही.

व्हॅनचं इंजिन जुन्या खोबणीत बसवणं म्हणजे रोज एक नवं भांडण होतं. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी आधाराच्या पट्ट्यांचे नमुने केले आणि मिस्त्रीने त्यावरून लोखंड कापलं. इंजिन बसलं तर बॉनेट लागेना. वर हवा ओढणारा भाग उंच होता. "छेद मार देत हईं," तो म्हणाला. मी बॉनेटला भोक पाडू दिलं नाही. इंजिन खाली घेतलं तर खालचं तेलाचं भांडं आडव्या दांड्याला धडकलं. ते भांडं कापून उथळ करून आणलं. मागच्या चाकांकडे जाणारी फिरती दांडी लांब झाली, ती ट्रकवाल्यांकडून कापून घेतली, तर ती फिरवली की थरथरायची. मी ती परत पाठवली, मिस्त्री चिडला. गिअरचा दांडा माझ्या कोपराच्या मागे निघाला. शेवटी सगळं जमलं, तर इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर व्हॅनच्या स्वतःच्या किल्लीशिवाय चालू व्हायला तयार नव्हता. त्या किल्लीसाठी मला भंगारवाल्याशी फोनवर बोलावं लागलं. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून काढलं. आता त्या सुरेख लाकडी फळीत काळ्या प्लास्टिकच्या मुंडीची जाडजूड किल्ली लागते.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मिस्त्री टाळ्या वाजवत नाचला. मला वाईट वाटलं. आवाज सरळसरळ शाळेच्या व्हॅनचा होता. डोळे मिटले असते तर मुलं पाण्याच्या बाटल्या आपटत उतरतील असं वाटलं असतं. पण नवा काटा मी मागच्या टोकालाही लावून घेतला होता, आणि तो नीट चालत होता.

ह्या इंजिनात पाणी घालत नाहीत. दुकानात मिळणारं गुलाबी कूलंट घालतात. ॲल्युमिनियमला साधं पाणी सोसत नाही, आणि आतल्या वाटा पेन्सिलीच्या जाडीच्या. कळशीभर नदीचं पाणी त्यात गेलं तर जुन्या इंजिनाने इतकी वर्षं जे सहन केलं ते हे काही महिनेही करणार नाही. मला दसऱ्याची काळजी त्यासाठीच होती. काकांकडे दसऱ्याला सगळ्या वाहनांची पूजा होते, आणि पूजेनंतर आजोबांच्या गाडीत कळशी रिकामी होते. गाडी बंद होती तेव्हाही काका कळशीतलं पाणी बॉनेटवर शिंपडत.

मी त्यावर उपाय काढून ठेवला होता. त्यांना ओतू द्यायचं. गप्प राहायचं. मग गाडी चालू न करता ट्रॉलीने रामनगरला नेऊन सगळं काढायचं, धुवायचं, नवं कूलंट भरायचं. कोणाला कळणार नाही. वाद नको. मी ह्या घरात वाढले, मला असे उपाय चटकन सुचतात.

दसऱ्याच्या सकाळी, रामलीलेच्या गर्दीने रामनगरचे रस्ते बंद व्हायच्या आत, मी गाडी पुलावर घातली. शेजारी मिस्त्री. आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, ती रिक्षाने येईल. पुलाच्या मध्यावर मी दोन्ही काटे बघितले. मिस्त्री हात बाहेर काढून ट्रकवाल्यांना सलाम करत होता.

काकांच्या अंगणात सगळे जमले होते. गाडी फाटकातून चालत आत आली तेव्हा क्षणभर कोणी बोललं नाही, आणि तेवढा एक क्षण मला फार आवडला. मग काका म्हणाले, "आवाज तर घंटा झाल्यावर शाळा सुटल्यासारखा आहे." हशा झाला. "पण आली. आली बुवा. मानलं." मिस्त्री म्हणाला, "बिटिया बहुत खून पियली हमार, साहब." आणखी हशा.

इंजिन निवेपर्यंत चहा झाला. काकूंनी हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ लोखंडी जाळीवर बांधली; मी ती हवेच्या वाटेतून जरा बाजूला सरकवली, त्यांनी ती परत मधे आणली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग काकांनी हाक मारली, आणि बाबा फाटकातून आत आले. त्यांच्या हातात पितळेची कळशी होती. गुडघे दुखतात म्हणून जे देवळाच्या पायऱ्या चढायचं टाळतात, ते सकाळी घाट उतरून, पाणी भरून, घाट चढून आले होते. धाकट्या भावाने सांगितलं म्हणून. माझं ढेकूळ चिमटीत चुरून पाहिल्यानंतर. कळशीतलं पाणी पावसाळा संपतानाचं, पिवळट होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काकांनी बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरचं झाकण काढून आत डोकावले. "हे काय, गुलाबाचं सरबत घातलंय?"

"कूलंट आहे," मी म्हणाले.

"असू दे. थोडी जागा आहे वर. शास्त्रापुरतं जाईल."

मी गप्प राहिले. ठरल्याप्रमाणे. मनात मी ते सगळं आधीच काढत होते, खालचा नळ सैल करून, पाइप धुऊन. मिस्त्री मात्र पुढे आला. "अरे साहब, गंगाजल ना डालीं एम्मे—"

"गंगाजल ना डालीं?" काका त्याच्याकडे वळले. "बनारस में रहते हो कि लंदन में?" तो मागे सरला. त्याला अजून बिलाचं बोलायचं असावं.

काकांनी बाबांच्या हातून कळशी घेतली. सगळे गाडीभोवती जवळ आले. आईसुद्धा. ती रिक्षातून उतरून काकूंच्या मागे उभी होती, आता ती माणसांमधून वाट काढत पुढे आली आणि तिने वाकून इंजिनाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिचा एक हात दाराच्या कडेवर होता, जिथे चालवताना कोपर टेकतो.

"वहिनी," काका म्हणाले, अगदी आदबीने, "तुम्ही जरा लांब उभ्या राहा हां. नवं इंजिन आहे बिचारं."

सगळे हसले. काकूंच्या माहेरच्या त्या बाईही होत्या, त्यासुद्धा. बाबांच्या तोंडावर तेच थोडंसं हसू आलं. आईने दारावरचा हात काढला आणि एक पाऊल मागे गेली. ती जिथे मागे गेली तिथे मागे तुळस होती, आणि तुळशीशेजारी चौथऱ्यावर ते जुनं इंजिन, कुंकू लावलेलं, मागच्या भोकातून ओवा फुटलेलं.

काकांनी कळशी तिरकी केली. पाणी अजून काठाशी आलं नव्हतं. मी त्यांचं मनगट धरलं. ते इतके चकित झाले की कळशी तशीच राहिली. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, फाटका निघाला, आणि मी तो खाली आणला नाही.

"हे पाणी ह्या गाडीत जाणार नाही, काका. त्या इंजिनाचं मागचं भोक बघा, ओवा ज्या मातीत उगवलाय ती ह्याच पाण्याची आहे. आजोबांनी भरली आणि तुम्ही भरलीत. पुलावर काटा मधेच होता, मी तेव्हाही खरं बोलले होते. गाडी आईने नाही मारली, तुम्ही मारलीत."